धागा : मॉरोविंड, साठ टक्के सवलत आणि एक जुनी उधारी

या धाग्यावर एरवी ताम्रपट, बखरी, भोसल्यांचे वाडे आणि वऱ्हाड-नागपूर प्रांताच्या जुन्या नोंदी यांविषयी लिहिणे होते. आजचा विषय २००२ साली आलेला एक संगणकीय खेळ आहे. इतका अलीकडचा काळ इतिहासात मोडतो का, असे कुणी विचारील. ज्या वस्तूची मूळ प्रत आजच्या यंत्रावर धड चालत नाही, जिची मालकी दरम्यान दुसऱ्या हाती गेली आहे आणि जिच्याविषयी साक्षीदारांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत, ती वस्तू इतिहासाच्या कक्षेत आली, असे मी मानतो.

निमित्त घडले ते हिवाळी सवलतीच्या एका ई-पत्राचे. जुने खेळ नव्या संगणकांवर चालतील असे करून विकणाऱ्या 'गॉग' या दुकानाचे ते पत्र होते. 'द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड', गेम ऑफ द इयर आवृत्ती, दोन्ही पुरवण्यांसह, मूळ किंमत १४.९९ डॉलर, सवलतीत ५.९९. म्हणजे आपले सुमारे पाचशे रुपये. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तो आकडा बराच वेळ पाहत बसलो, कारण या खेळाचे पैसे मी कधीच दिलेले नव्हते, आणि तो खेळ मी आयुष्यातला एक अख्खा उन्हाळा खेळलो होतो.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा खेळात आपण एक पात्र घेतो, त्याचे कुळ, कसब, स्वभाव ठरवतो आणि एका कल्पित देशात उतरतो. तो देश मोकळा असतो. मुख्य कथा असते, पण ती मागे टाकून कुठेही भटकता येते; चोरी करता येते, मठात दाखल होता येते, पुस्तके वाचत बसता येते. 'मॉरोविंड' हा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा कंपनीचा. १९९४ साली 'अरीना', १९९६ साली 'डॅगरफॉल' आणि मे २००२ मध्ये हा तिसरा. मधल्या काळातले त्यांचे दोन खेळ फारसे चालले नव्हते आणि कंपनी बुडते की तरते अशी अवस्था होती. टॉड हॉवर्ड या तरुण प्रमुखाच्या हाताखालच्या मंडळींनी मग फारसा विचार न करता आपल्याला आवडेल तेच केले, असे आज वाटते. व्हार्डेनफेल नावाचे बेट, मध्यभागी धुमसणारा ज्वालामुखी, राखेची वादळे, माडाएवढ्या उंच कुत्र्याच्या छत्र्या, आणि प्रवाशांना पाठीवर घेऊन जाणारे तीन मजली किडे. त्या देशाचा एक जिवंत देव अर्धा निळा, अर्धा सोनेरी. पुरुषही आणि स्त्रीही. अर्धनारीनटेश्वर पाहत वाढलेल्या मुलाला तो परका वाटला नाही. उलट पाश्चात्त्य अद्भुतकथांतल्या त्या नेहमीच्या बर्फाळ किल्ल्यांपेक्षा हा धुळीने माखलेला, उकाड्याचा प्रदेश आम्हांला जवळचा वाटला. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी खिडकी उघडली की बाहेर जवळजवळ तेच दिसत असे.

'आम्हांला' म्हणजे मला आणि दादाला. दादा माझ्या मोठ्या बाबांचा मुलगा. महालातल्या आमच्या जुन्या घरात दोन्ही कुटुंबे एकत्र राहत. साल २००३. मी अकरावीची परीक्षा दिली होती, दादा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या अभ्यासासाठी म्हणून मोठ्या बाबांनी संगणक घेतला होता. सुटे भाग आणून जुळवलेला, पेंटियम फोर, आणि पुढे दादाने शिकवणीच्या पैशांतून हळूच बसवलेले जीफोर्स एमएक्स ४४० हे ग्राफिक्स कार्ड. मोठ्या बाबांना ते कार्ड 'ड्रॉइंगच्या विषयाला लागते' असे सांगितले गेले होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

आता किमतीचा हिशेब पाहू. अमेरिकेत मॉरोविंड ५० डॉलरला विकला गेला. तेव्हा डॉलर ४८-४९ रुपयांचा होता. म्हणजे जवळजवळ २,४०० रुपये. आमच्या घरात तेवढ्या रकमेचा खेळ विकत घेण्याचा विचार बोलून दाखवणेही शक्य नव्हते. शिवाय बोलून दाखवला असता तरी तो खेळ नागपुरात अधिकृतपणे मिळत असल्याचे आम्ही पाहिले नव्हते. मुंबईहून निघणाऱ्या 'डिजिट' मासिकासोबत येणाऱ्या तबकड्यांवर खेळांचे नमुने असत. एक-दोन तासांत संपणारे. त्यापुढचे सगळे बर्डीवर. फुटपाथवरच्या एका टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेल्या तबकड्या, वरती रंगीत प्रिंटरने छापलेले मुखपृष्ठ, किंमत शंभर रुपये, घासाघीस केली तर ऐंशी. मी ऐंशीला आणली. दुकानदाराने विचारले होते, "कौनसा चाहिये, तलवारवाला या गाडीवाला?" मी तलवारवाला म्हणालो.

कायद्याने हा गुन्हा होता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती'त केला. ही तरतूद मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. ज्ञानेश्वरी आणि मॉरोविंड एका व्याख्येत. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने, चोरीची आज्ञावली आहे हे ठाऊक असताना ती जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांच्या कैदेची आणि किमान ५०,००० रुपये दंडाची शिक्षा नेमली. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला सूट देण्याची मुभा ठेवून. आम्हांला यातले काहीही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आणली नसती, असे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मूळ डब्यात व्हार्डेनफेलचा कागदी नकाशा येत असे. आमच्या पाकिटात नकाशा नव्हता. आणि या खेळाची सर्वांत विशेष गोष्ट अशी की यात बाण नाहीत. आजच्या खेळांत जिथे जायचे तिथे पडद्यावर खूण चमकत राहते. मॉरोविंडमध्ये माणसे तोंडी वाट सांगतात आणि ती वाट आपल्या रोजनिशीत लिहिली जाते. दक्षिणेच्या वेशीने गाव सोड, नदी ओलांड, गढी मागे टाक, मग लाव्हाचे कोरडे पात्र लागेल, त्यावर जुना पूल आहे. एवढेच. कधी कधी सांगणाराच चुकतो. आपल्याकडे खेड्यात वाट विचारली की जसे 'हे काय, इथेच' म्हणतात आणि दोन कोस निघतात, तसा अनुभव त्या खेळात वारंवार येतो.

म्हणून दादाने वही केली. त्याच्या 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या वहीची मागची पाने. एकेका गावाचे रेखाचित्र, मधले अंतर पावलांत नव्हे तर 'एक उन्ह' आणि 'दीड उन्ह' अशा मापात, कारण खेळातला दिवस मावळायच्या आत पोहोचणे हेच आमचे मोजमाप होते. मी खेळायचो तेव्हा तो वाट सांगायचा. तो खेळायचा तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसायचो. कूलरमधल्या वाळ्याचा वास, वीज गेली की यूपीएसची ओरड, आणि दोघांचे एकदम ओरडणे, "सेव्ह कर, सेव्ह कर!"

आरंभीच्याच एका कामगिरीत आर्कनथँड नावाच्या उद्ध्वस्त किल्ल्यातून एक छोटीशी चौकोनी पेटी आणायची असते. किल्ल्याचे दार बंद. टेकडीच्या अंगाला एक दांडा आहे, तो फिरवला की उघडते. आम्हांला दांडा सापडायला दोन दिवस लागले. आत गेल्यावर पेटी सापडायला आणखी चार. मुठीएवढी तपकिरी पेटी, तपकिरी फळीवर, अंधारात. जगभरातले खेळाडू त्या पेटीपायी वैतागले होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा आम्हांला वाटले की आमच्या ऐंशी रुपयांच्या तबकडीतच पेटी घालायची राहिली असावी.

त्या वर्षी दादाचे तीन विषय राहिले. पुढच्या वर्षी आणखी दोन. त्याचे वर्ष गेले आणि मग तो महाविद्यालयात परतलाच नाही. ज्या संध्याकाळी निकाल लागला त्या संध्याकाळी मोठे बाबा त्याच्या खोलीत गेले आणि त्यांनी ती तबकडी हातात घेऊन विचारले, "हे कोणी आणलं?" मी दारातच उभा होतो. दादाने माझ्याकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "मी." आठवड्याभरात संगणक विकला गेला. आमचा सहा महिन्यांचा खेळ त्याच हार्ड डिस्कवर होता. मी बारावी झालो, पुण्याला गेलो, शिकलो, नोकरीला लागलो, परत नागपुरास आलो. दादा इतवारीत मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला आणि आता ते दुकान त्याचेच आहे. त्या तबकडीविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

इथे थोडे पोलंडला जाऊन यायला हवे, कारण मला ई-पत्र पाठवणारे दुकान तिथले आहे आणि बर्डीवरचे ते टेबल समजून घ्यायला त्याची कथा उपयोगी पडते. साम्यवादी राजवट संपल्यानंतर वॉर्सॉच्या बाजारांतही अशीच टेबले होती. १९९४ पर्यंत तिथे संगणक-आज्ञावलीचे पुरेसे संरक्षण करणारा कायदाच नव्हता. त्या वर्षी तो झाला. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनी 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली. शाळेत असताना ते स्वतःही त्या बाजारातलेच. १९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा भूमिकाखेळ पोलिश भाषेत आणला. खेळ पाच तबकड्यांचा होता, त्यामुळे चोरट्या प्रतीलाही पाच तबकड्यांचा खर्च येणार होता. त्यांनी किंमत चोरट्या प्रतीपासून फार दूर राहणार नाही अशी बेताची ठेवली आणि डब्यात नकाशा, जाड पुस्तिका, संगीताची तबकडी घातली. आवाज नामवंत पोलिश नटांचे. लोकांनी डबे विकत घेतले. चोराला तुरुंगात घालण्यापेक्षा त्याच्याहून चांगला माल देणे हा तो मार्ग. याच कंपनीने २००७ साली 'द विचर' हा स्वतःचा खेळ काढला आणि २००८ साली जुन्या खेळांचे हे दुकान थाटले.

आपल्याकडे मात्र तसा डबा कुणी आणला नाही. मॉरोविंडची डिजिटल आवृत्ती 'स्टीम' या दुकानात २००९ साली आली. पण तिथे किंमत डॉलरमध्ये आणि परदेशी व्यवहार चालणारे क्रेडिट कार्ड हवे. नागपुरात पंचविशीतल्या किती जणांकडे ते होते? रुपयांतली किंमत स्टीमवर यायला २०१५ उजाडावे लागले. यूपीआय २०१६ सालचे. गॉगवर हा खेळ २०१७ साली आला. चोरीचा बाजार का आटला याविषयी नीतीच्या अंगाने पुष्कळ बोलले जाते. माझे मत असे की लोकांची नियत बदलली नाही. विकत घेण्याची वाट तयार झाली, आणि ती वाट ऐंशी रुपयांच्या पाकिटाइतकी सोपी झाली. ज्या मध्यमवर्गीय मुलांनी तेव्हा तबकड्या आणल्या, तीच आज चाळिशीकडे झुकताना सवलतीची वाट पाहून जुने खेळ विकत घेत आहेत. कित्येक जण विकत घेऊन उघडतही नाहीत. त्याला आमच्या पिढीचे प्रायश्चित्त म्हणावे की हौस, हे मला ठरवता येत नाही.

परंतु विकत घेतले म्हणजे नेमके काय घेतले? हा प्रश्न या धाग्याच्या नेहमीच्या वाचकांना जवळचा वाटेल, कारण तो हस्तलिखितांना विचारला जाणारा प्रश्न आहे.

बहुतेक डिजिटल दुकानांत आपण वस्तू घेत नाही, वापराचा परवाना घेतो. २०२४ साली कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला की विक्रेत्याने हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. मॉरोविंडचेच उदाहरण घ्या. मार्च २०१९ मध्ये या मालिकेला २५ वर्षे झाली म्हणून बेथेस्डाने आपल्या स्वतःच्या दुकानातून हा खेळ काही दिवस फुकट वाटला. ते दुकान २०२२ साली बंद झाले. ग्राहकांचे खेळ स्टीमवर हलवण्याची सोय केली गेली, हे खरे. पण सोय करणे न करणे हे दुकानदाराच्या हाती होते. दरम्यान २०२१ साली बेथेस्डाच्या मूळ कंपनीसकट सगळा कारभार मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत असे आढळले. मॉरोविंड उरलेल्या १३ टक्क्यांतला. म्हणजे साठ टक्के सवलतीने मिळतो आहे, ही तक्रार करण्याची नव्हे, नवल करण्याची गोष्ट आहे.

मराठी वाचकाला हे दुःख नवे नाही. 'चांदोबा' आठवतो? मद्रासेहून निघणाऱ्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती १९५२ सालची. झाडावर लोंबणारे प्रेत, खांद्यावर घेऊन निघालेला राजा. आमच्या कित्येकांच्या अद्भुताची सुरुवात तिथली. २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने ते मासिक घेतले आणि जुने अंक महाजालावर ठेवले. आता हे कायमचे टिकले, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. पुढे कंपनी बुडाली, २०१३ च्या सुमारास अंक निघायचे थांबले, मग ते संकेतस्थळही नाहीसे झाले. आज जे जुने अंक पाहायला मिळतात ते पुष्कळसे वाचकांनी आपापल्या घरी जपलेल्या आणि स्कॅन केलेल्या प्रतींमुळे.

आणि त्याहून जुने, आपल्या विदर्भाचे उदाहरण. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पंथाची परंपरा सांगते की मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. म्हणूनच त्याचे अनेक पाठ झाले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून कुलूपबंद केले. किल्ली पंथापाशी. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी अभ्यासकांसाठी उलगडली, तोवर मराठीच्या आद्य गद्यग्रंथाचा बहुतेक मराठी माणसांना पत्ताच नव्हता. नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून पाहत संपादित केलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली. एका धर्मपंथाच्या पवित्र ग्रंथाशी करमणुकीच्या खेळाची तुलना कुणाला खटकेल. मी तुलना ग्रंथाची करत नाही, कुलपाची करतो. कुलपाने ग्रंथ परक्यांपासून सुरक्षित राहिला आणि वाचकांपासूनही.

संगणकीय खेळांच्या कुलपांचे तसेच आहे. तबकडी खरी की खोटी हे तपासणाऱ्या ज्या आज्ञावली कंपन्यांनी एकेकाळी घातल्या, त्यांतल्या काही नव्या विंडोजवर चालतच नाहीत. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली अस्सल तबकडी रुसून बसते आणि बर्डीवरची कुलूप तोडलेली चालते. मी गॉग निवडले ते यासाठी की तिथे कुलूप नाही. पूर्ण खेळ उतरवून घ्यायचा, हव्या त्या डिस्कवर ठेवायचा, पुढे महाजाल असो वा नसो. शिवाय २००८ पासून काही स्वयंसेवक 'ओपनएमडब्ल्यू' नावाने या खेळाचे यंत्र नव्याने, उघड्यावर लिहीत आहेत. चित्रे, आवाज, कथा मूळ खेळातूनच घ्याव्या लागतात, म्हणजे खेळ विकत घेतलेला असावा लागतो. पण तो चालवणारी यंत्रणा आता कुणा एका कंपनीच्या मर्जीवर राहिलेली नाही. पोथी मूळची, बाड नवे.

त्या रात्री मी दोन प्रती घेतल्या. एक माझ्यासाठी, एक भेट म्हणून दादाला. बारा डॉलरही झाले नाहीत. मूळच्या लेखकांपैकी, चित्रकारांपैकी बहुतेक जण आता त्या कंपनीत असतील की नाही, त्यांना यातला एक पैसा तरी पोहोचेल की नाही, याची मला कल्पना नाही, पोहोचत नसावा. तरीही पावती आली तेव्हा बरे वाटले. मग भेटीसोबतच्या संदेशाच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. शेवटी लिहिले : 'त्या दिवशी दारात उभा होतो. बोलायला हवं होतं.'

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मी महालात मोठ्या आईकडे गेलो. मोठे बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांना सांगण्याची वेळ टळली होती. म्हणून तिला सगळे सांगितले. तबकडी मी आणली होती, दादाने माझे नाव घेतले नाही, त्याचे शिक्षण त्यापायी सुटले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कोणती सीडी? त्याले तं त्या साली कावीळ झाली होती. दोन महिने उसाचा रस पाजला आम्ही. पेपर कसे देईल तो?"

मला कावीळ आठवत नव्हती. आजही आठवत नाही. त्या उन्हाळ्याचा एकेक दिवस मला ठाऊक आहे असे मी समजत होतो. राखेची वादळे, पूल, पेटी, निकालाची संध्याकाळ. तिच्या आठवणीत संगणक नव्हता, तबकडी नव्हती, मोठ्या बाबांचा प्रश्नही नव्हता. उसाचा रस होता आणि पथ्याची भाकरी होती. दुसऱ्यांच्या बखरी वाचताना मी किती सहज लिहून जातो की अमुक कारणाने तमुक घडले. तिला मी पुन्हा विचारले, "पण मग कॉम्प्युटर का विकला?" ती म्हणाली, "तुह्या पुण्याच्या ॲडमिशनले पैसे कमी पडत होते ना."

हे मला कुणीही सांगितले नव्हते. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, तसे काही असेल, आता नीट ध्यानात नाही. तीन साक्षी, तीन पाठ. कोणता ग्राह्य धरावा हे माझ्याने अजून ठरलेले नाही.

दादाचा फोन सोमवारी रात्री आला, दुकान वाढवल्यानंतर. इकडचे तिकडचे बोलणे झाले. सिमेंटचा भाव, पोरीची दहावी. संदेशाविषयी तो काहीच बोलला नाही. मीही विषय काढण्याचे धाडस केले नाही. मग म्हणाला, "दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकला बे तो. पोरगी पाहून राहिली होती. म्हणे, बाबा, बाण कुठाय?"

"मग?"

"मग काय. म्हटलं, वही आण."

मी विचारले, जुनी वही आहे का अजून. नाही, ती केव्हाच रद्दीत गेली, तो म्हणाला. मग थोडे थांबून, जणू समोर पान उघडे असावे तसा, सांगू लागला. बालमोराच्या दक्षिणेच्या वेशीने निघायचे, ओदाई ओलांडायची, गढी मागे टाकायची, पाटी दिसली तरी पाटीच्या मागे जायचे नाही. कोरड्या पात्रावरचा जुना पूल धरायचा. पूल संपला की दांडा शोधायचा. "दीड उन्ह," तो म्हणाला. "रात्र झाली तं मुक्काम कर, घाई करू नको."

मी फोन खांद्याला दाबून धरला होता आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर ते लिहून घेत होतो. पेटीच्या फळीपर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. फळी जिन्याच्या डावीकडे की उजवीकडे यावर आमचे एकमत झाले नाही.